उद्या येतो म्हणून सांगितलंय

मराठी माध्यमात शिकलेला माणूस इंग्रजी बोलताना नेमका कुठं अडखळतो, ते एकदा कान देऊन ऐका. शब्दांपाशी तो फारसा अडत नाही. एखादा शब्द आठवला नाही तर दुसरा घालून वेळ मारून नेतो. अडतो तो 'दॅट'पाशी. 'ही टोल्ड मी दॅट...' इथवर गाडी सुसाट येते आणि पुढं फाटक लागल्यासारखी उभी राहते. पुढं काय सांगायचं ते मनात तयार असतं, पण ते जसंच्या तसं ठेवता येत नाही. आतल्या 'मी'चा 'तो' करायचा, 'येतो'चा 'येईल' करायचा, त्या 'येईल'ला पुन्हा एक पायरी भूतकाळात ढकलायचं, आणि हे सगळं समोरचा तोंडाकडे बघत असताना.

आता हाच निरोप आमच्या शाहूपुरीत कसा सांगतील? 'त्यानं उद्या येतो म्हणून सांगितलंय.' संपलं. त्या माणसाच्या तोंडचे शब्द होते तसे उचलले, मागं 'म्हणून'ची गाठ मारली आणि पुढच्याच्या हातात दिले. आतला 'येतो' हा त्याचा 'येतो' आहे, सांगणाऱ्याचा नव्हे, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. काळ बदलायला नको, सर्वनाम बदलायला नको.

मोठ्या वाक्याच्या पोटात जे लहान वाक्य असतं, त्याला इंग्रजी व्याकरणात 'सबऑर्डिनेट क्लॉज' म्हणतात आणि आपल्याकडे 'गौणवाक्य'. गौणवाक्य आणि प्रधानवाक्य मिळून होतं ते मिश्र वाक्य. शाळेत हे सगळ्यांनी घोकलंय. नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य... पण ही नावं आपल्याकडे कधी आली, कुठून आली, आणि ती यायच्या आधी मराठी माणूस गुंतागुंतीचं बोलत नव्हता का, हे शाळेत कुणी सांगितल्याचं आठवत नाही. ते जमेल तसं मांडून बघतो. (व्याकरणाचा तास नाही, घाबरू नका. :) )

आधी 'की'चं बघू. 'तो म्हणाला की तो उद्या येईल' हे वाक्य आज अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी वाटतं. हा वाक्यं जोडणारा 'की' फारसीतून आला, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ज्ञानेश्वरीत 'कीं' आहे, पण तो पुष्कळदा 'किंवा' या अर्थाचा, आपला घरचा. 'असं असं आहे की' यातलं 'की'चं काम जुन्या मराठीत बऱ्याचदा 'जे' करायचं. आणि हा 'जे' परवा-परवापर्यंत जिवंत होता! पेशवाईतली, संस्थानांच्या दप्तरातली मोडी पत्रं बघा. सुरुवातीला मायना, मग 'विनंती ऐसीजे' किंवा 'विज्ञापना ऐसीजे', आणि मग मजकूर. आपण ते नुसतं जुन्या पत्रांचं नक्षीकाम समजतो. पण फोडून बघितलं तर 'ऐसी जे' म्हणजे 'अशी की'. 'माझी विनंती अशी की...' म्हणजे पत्रातला पुढचा सगळा मजकूर, मग त्यात दहा घोडी मागितलेली असोत की सासऱ्याच्या आजारपणाची खबर असो, व्याकरणाच्या हिशेबानं 'विनंती'ला टांगलेलं एक लांबलचक नामवाक्य आहे. आणि कारकुनाला 'नामवाक्य' हा शब्द कधी कानावरून गेला नव्हता.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणायला. पण कोशात काय येतं? पदांची नावं, वस्तूंची नावं, हुद्दे. वाक्याचे सांधे कोशात येत नाहीत, त्यामुळं ते कुणी बदलायला जात नाही. कोल्हापुरात याचा एक गमतीचा पुरावा होऊन गेला. माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, आमच्या राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक होते. फारसी-मराठी कोश (१९२५) त्यांचा, आणि 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) हे पुस्तकही त्यांचंच. फारसी इतकी कसून जाणणारा माणूस मराठीतून फारसी शब्द काढायला निघाला होता. माझं म्हणणं एवढंच की 'हवा', 'जमीन', 'बाजार' काढता येतील एक वेळ, पण 'की' काढून एक पानभर मराठी लिहून बघावं. हात बांधल्यासारखं होतं. (आणि आत्ताच्या दोन वाक्यांत मी स्वतःच 'की' वापरलाय, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच.)

आमच्या कोल्हापुरी बोलीत मात्र 'की' बहुतेक वेळा दुसऱ्याच कामावर असतो. 'बस की', 'खा की', 'आलोय की'. तो येतो वाक्याच्या शेवटी, वाक्य जोडायला नाही तर समोरच्याला ढोसायला. दोन वाक्यं जोडायची असतील तर 'म्हणून' आहेच.

हा 'म्हणून' शेवटी का येतो, याची दोन उत्तरं देतात आणि दोन्ही बरोबर असावीत. संस्कृतातला 'इति' असाच बोललेल्याच्या मागं येतो. आणि कानडीतला 'अंत' पण तसाच. 'नाळे बर्तीनि अंत हेळ्दा'. नाळे म्हणजे उद्या, बर्तीनि म्हणजे येतो, अंत म्हणजे म्हणून, हेळ्दा म्हणजे सांगितलं. एकेका शब्दाखाली एकेक मराठी शब्द ठेवत गेलं तरी वाक्य तयार! कुठं काही मागं-पुढं करावं लागत नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. इथून जवळ, सांगली-मिरजेच्या शेजारी कुपवाड आहे. आता ते महापालिकेत आहे, पण तेव्हा गाव होतं. तिथं जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी काम केलं, आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. कुपवाडात घराघरांत कुठं कानडी, कुठं उर्दू, कुठं मराठी, थोडी तेलुगूसुद्धा. शतकानुशतकं शेजारी राहून झालं काय, तर शब्द ज्याचे त्याला राहिले, पण वाक्याची बांधणी सगळ्यांची जवळजवळ एक झाली. एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायचं म्हणजे फक्त शब्द बदलायचे, सांगाडा तोच. या निबंधाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आमच्याकडच्या कुठल्याही आडत दुकानातल्या दिवाणजीनं हे फुकट सांगितलं असतं.

शाहूपुरी ही तशी नवी पेठ. रेल्वे कोल्हापुरात आली १८९१ मध्ये, आणि शाहू महाराजांनी १८९५ साली स्टेशनाजवळ ही व्यापारी पेठ वसवली, मुख्यतः गुळासाठी. पुढं गुळाचा व्यापार मार्केट यार्डात गेला, तरी पेठेचं बोलणं काही लगेच गेलं नाही. बाजारात माणसं खेड्यातून येणार, सीमेपलीकडून येणार, कुणाच्या घरात मराठी तर कुणाच्या घरात कानडी. आणि बाजार म्हणजे सगळा निरोपांचा कारभार. कुणी किती सांगितलं, कुणी काय कबूल केलं, कुणी कशाला नाही म्हटलं. तिथं 'म्हणून' लागतो ऊठसूट. 'तेवढ्यात परवडत नाही म्हणून सांगितला त्यो.' व्याकरणाच्या भाषेत हे मिश्र वाक्य आहे. पण असं कुणी त्या दिवाणजीला सांगितलं असतं तर त्यानं वजनात काही मिसळलं असा आरोप समजून भांडण काढलं असतं!

आता इंग्रजीकडं वळू. कारण 'गौण' आणि 'प्रधान' ही भानगड तिकडून आली.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालचं. तेव्हा इंग्रजी व्याकरण म्हणजे लिंडली मरे. आणि मरेच्या व्याकरणात वाक्यं दोनच प्रकारची, साधं आणि जोड. तिसरं, मिश्र वाक्य, त्यात नाहीच! ते आलं जर्मनीतून. कार्ल फर्डिनंड बेकर नावाचा एक गृहस्थ होता, पेशानं डॉक्टर. भाषा ही जिवंत शरीरासारखी असते आणि वाक्यातल्या वाक्याचे अवयव सुटे करून दाखवता येतात, असं त्यानं मांडलं. एखादं अख्खं वाक्य नामाची जागा घेतं, एखादं विशेषणाची, एखादं क्रियाविशेषणाची, ही विभागणी त्या विचारातली. जे. डी. मॉरेल या इंग्रज शाळा-तपासनिसानं १८५२ साली वाक्याच्या पृथक्करणावर पुस्तक काढून ती इंग्लंडच्या शाळांत आणली. तपासनीसच मागं लागल्यावर काय, बघता बघता परीक्षेत आली. मग हिंदुस्थानात शिक्षणखात्यात नोकरी केलेल्या नेसफील्डनं १८९५ च्या सुमाराला आपली व्याकरणमाला काढली आणि ती इथल्या शाळाशाळांत गेली. त्याच्या पुढचे रेन आणि मार्टिन तर घरोघरी माहीत आहेत. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता आणि नंतर त्यानं परदेशी फौजेतल्या शिपायांवर 'बो जेस्त' ही कादंबरी लिहून नाव काढलं. वाळवंटातल्या वेढ्यांत रमणाऱ्या माणसानं आम्हाला क्लॉज ओळखायला बसवावं, हे जरा खटकतंच.

मराठीत ही मांडणी पक्की झाली मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त, १९११ मध्ये. हे दामले म्हणजे केशवसुतांचे भाऊ. प्रचंड ग्रंथ आहे, आजही त्याच्या वरताण दुसरा दाखवणं कठीण. पण वाक्यपृथक्करणाची चौकट इंग्रजीवरून घेतलेली, आणि ती तिथून शाळेच्या पुस्तकांत उतरत उतरत आपल्यापर्यंत आली. म्हणजे जी गोष्ट आपण 'व्याकरणाचा सनातन नियम' समजून पाठ केली, ती शाहूपुरीपेक्षा फार फार तर एका पिढीनं जुनी.

नावही विचार करण्यासारखं आहे. 'सबऑर्डिनेट' म्हणजे हाताखालचा. कोर्टातल्या 'सबऑर्डिनेट जज्ज'ला आपण 'दुय्यम न्यायाधीश' म्हणत होतो. त्याच न्यायानं 'दुय्यम वाक्य' झालं असतं. 'गौण' म्हटलं आणि उगाच ते बिनमहत्त्वाचं वाटायला लागलं. खुद्द करवीर संस्थानची तरी काय गत होती? राज्य छत्रपतींचं, पण पोलिटिकल एजंटाच्या नजरेखालचं. गौण म्हणा, दुय्यम म्हणा, संस्थानातल्या माणसाला तो अर्थ व्याकरणाआधी कळलेला होता.

असो. मूळ मुद्दा असा, की ती चौकट इंग्रजीला बेतून शिवलेली होती आणि मराठीला ती एका ठिकाणी काचते. कुठं, ते सांगतो.

'इफ इट रेन्स, आय वोंट गो.' इथं 'इफ' हलवता येत नाही. 'देन' नसलं तरी चालतं. आता मराठी. 'पाऊस आला तर जाणार नाही.' इथं 'जर' नाही आणि कुणाला त्याची उणीव भासतही नाही. पण 'तर' काढून बघा! वाक्य कोसळतं. 'मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती' यात 'जेव्हा' नाही. 'तू म्हणशील तिथं जाऊ' यात 'जिथं' नाही. 'करावे तसे भरावे' यात 'जसे' नाही. 'कितीही सांगितलं तरी ऐकत नाही' यात 'जरी' नाही. इंग्रजी आपला सांधा गौणवाक्याच्या तोंडाशी ठोकते, मराठी तो प्रधानवाक्याच्या तोंडाशी ठोकते. इंग्रजी माणूस वाक्य सुरू करतानाच सांगतो, की हे बघा, हे अजून अर्धं आहे, थांबा. मराठी माणूस आधी सरळ बोलून टाकतो आणि मग 'तर', 'तेव्हा', 'तिथं', 'म्हणून' म्हणत त्याला पुढच्याशी जोडतो. 'म्हणून' शेवटी येतो तो याच खोडीनं.

यातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य तीन शब्दांचं आहे. 'कसेल त्याची जमीन'. 'जो' नाही, 'ज्याने' नाही. 'कसेल' एवढं एकच क्रियापद म्हणजे अख्खं विशेषणवाक्य, आणि 'त्याची' हा सांधा. मुंबई राज्याचा कुळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, त्या दिवशी कायद्यात बसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. कायद्याचं पुस्तक उघडलं तर कलमात पोटकलम, पोटकलमात परंतुक, त्यात पुन्हा खुलासा. कुणी, कधीपासून, किती जमीन, कुणाच्या ताब्यात असता... वकिलाशिवाय वाचता येत नाही. आणि त्याच कायद्याचं सार बांधावरच्या माणसानं तीन शब्दांत तोंडपाठ केलेलं. ज्याची जमीन राहिली त्यानंही आणि ज्याची गेली त्यानंही. आमच्या नात्यागोत्यात दोन्ही प्रकारची माणसं आहेत, त्यामुळं या विषयावर लग्नकार्यात बोलू नये. :)

इंग्रजी वळणाचं मराठी लिहायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिचा एक मोठा दोषी किंवा उपकारकर्ता, जे म्हणायचं ते म्हणा, म्हणजे मेजर थॉमस कँडी. मोल्सवर्थच्या जोडीनं कोशाचं काम करणारा. सरकारी मराठी भाषांतरकार म्हणून शाळेची पुस्तकं त्याच्या हाताखालून जायची. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्याचं पुस्तक १८५० चं. त्याच्या आधी मोडीत एक ओळ सुरू झाली की शब्द तोडल्याशिवाय हात चालत राहायचा. वाक्य संपलं हे कळायचं क्रियापदावरून, आणि नवं सुरू झालं हे कळायचं 'ऐसियास', 'त्यास', 'सबब' असल्या शब्दांवरून. कँडीनं स्वल्पविराम आणला आणि लिहिणाऱ्याला एक वाक्य दुसऱ्याच्या पोटात घालून वर कुंपण घालायची सोय झाली. त्या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. निबंधमाला १८७४ मध्ये सुरू झाली. जॉन्सन आणि मेकॉले वाचून घडलेला हा माणूस मराठीत अशी लांब लांब वाक्यं चालवतो, की वाचणाऱ्याचा श्वास संपतो पण वाक्य तोल सोडत नाही. इंग्रजांच्या राज्यावर आसूड ओढायला त्यांनी इंग्रजांचीच वाक्यरचना वापरली. मला तरी यात विसंगती वाटत नाही. हत्यार चांगलं असेल तर कुणाच्या कारखान्यातलं हे कशाला बघा.

दुसरी वाट तर्खडकरांची. हे दादोबा नव्हेत, द्वारकानाथ राघोबा. पुष्कळ जण गल्लत करतात. त्यांची भाषांतर पाठमाला म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीचं इंग्रजीचं दार. एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं इंग्रजी. मात्र दोन्ही वाक्यं शब्दाला शब्द जुळावीत म्हणून मराठीला इतकं वाकवायचं, की 'ज्या मुलाने माझी लेखणी घेतली तो मुलगा माझ्या भावाच्या मित्राचा चुलता आहे' छापाची वाक्यं पैदा व्हायची. (हे वाक्य मी रचलंय, तर्खडकरांच्या नावावर घालू नका.) अशा मराठीला 'तर्खडकरी' म्हणून हसायची पद्धत आहे. हसावं खुशाल. पण त्या पुस्तकावर कित्येकांना कारकुनी मिळाली, घरं उभी राहिली, हेही विसरू नये.

आणि इंग्रजी वाक्य ज्यांनी खऱ्या अर्थानं जिंकलं, त्यातले दोघे कोल्हापूरच्या शाळेत शिकलेले. महादेव गोविंद रानडे यांचं लहानपण कोल्हापुरात गेलं, वडील संस्थानच्या नोकरीत. पुढं मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, त्यात पास झालेल्या एकवीस जणांत रानडे होते. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील कागलला नोकरीला. गोखल्यांचं शिक्षण कोल्हापुरात, १८८१ मध्ये मॅट्रिक, आणि मग काही काळ राजाराम कॉलेज, जे जेमतेम वर्षभरापूर्वी, १८८० मध्ये सुरू झालं होतं. या गोखल्यांचं इंग्रजी पुढं लंडनमध्ये कान टवकारून ऐकलं गेलं.

त्याच गोखल्यांना एका 'असं कळतं की'नं आयुष्यातला सगळ्यात कडू घोट प्यायला लावला. साल १८९७. वेल्बी कमिशनपुढं साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते. इकडं पुण्यात प्लेग, घरोघर गोऱ्या सोजिरांच्या तपासण्या. पुण्याहून त्यांना पत्रं गेली. सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केल्याचं आणि त्यातल्या एकीनं जीव दिल्याचं त्या पत्रांत होतं. गोखल्यांनी ते 'मँचेस्टर गार्डियन'च्या प्रतिनिधीला सांगितलं. आधार होता तो पत्रांचाच. गदारोळ उठला. पुरावा मागितला गेला. पत्र लिहिणाऱ्यांची नावं सांगितली तर ती माणसं सरकारच्या तडाख्यात सापडणार, आणि नावं न सांगता पुरावा कसला? परत आल्यावर गोखल्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली. इथं पुण्यात त्यांना त्यासाठी भित्रा ठरवलं गेलं. मला वाटतं, माफीला त्या दिवसांत लागणारं धैर्य पुष्कळांना कळलं नाही.

व्याकरणाच्या अंगानं बघितलं तर यातली गोम वेगळीच आहे. 'मला पत्रांतून कळलं की असं झालं', यात प्रधानवाक्य कुठलं? 'मला कळलं' हे. 'असं झालं' हे गौण. बोलणारा जबाबदारी घेतो ती कळल्याची, घडल्याची नाही. परीक्षेत याला पुरते मार्क मिळतील. पण ऐकणारा पृथक्करण करत बसत नाही. तो 'असं झालं' तेवढं उचलतो. जे गौण, तेच माणसाच्या गळ्याला लागतं. मराठीत आपल्याकडे याला एक नामी तोड आहे, 'म्हणे'. 'तसं झालं म्हणे.' दोन अक्षरांत सांगणारा बाजूला होतो, आणि 'म्हणे' शेवटी येत असल्यामुळं ऐकणाऱ्याच्या कानात तेच राहतं. इंग्रजीत अशी शेपटी नाही. कमिशनपुढं बसून 'म्हणे' कसं म्हणणार?

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधी वसतिगृहं काढली, आणि ज्या घरांत अक्षर शिरलं नव्हतं तिथली मुलं शाळेत आली. ही मुलं 'म्हणून'वालं मराठी घेऊन आली. शाळेचं मराठी 'की'वालं होतं. त्यातून इंग्रजी शिकायचं म्हणजे दोनदा भाषांतर, आधी घरच्या मराठीतून पुस्तकी मराठीत, मग तिथून इंग्रजीत. पुढं स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं इंग्रजी आठवीपासून शिकवायचं ठरवलं. कोल्हापूरही १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांना आठवीत ए-बी-सी-डी आणि अकरावीत 'नेम द क्लॉज' असा घोडा फेकावा लागला. इंग्रजीत नापास म्हणजे मॅट्रिक नापास, आणि मॅट्रिक नापास म्हणजे मळ्यात नाहीतर गुळाच्या दुकानात. घरात ज्यांना इंग्रजी ऐकायला मिळत होतं, त्यांना 'दॅट'ची पायरी दिसलीच नाही. बाकीच्यांचा पाय तिथं मुरगळला. हा फरक हुशारीचा नव्हता, हे त्या काळात सांगायला फारसं कुणी नव्हतं. पहिलीपासून इंग्रजी सगळ्या शाळांत आलं ते २००० साली.

माझ्या स्वतःच्या शाळेतल्या एका मास्तरांनी निबंधातल्या प्रत्येक 'म्हणून सांगितले'वर तांबडी रेघ ओढून वर 'की' लिहिलेलं अजून डोळ्यापुढं आहे. नाव घेत नाही. माणूस चांगला होता, आणि स्वतः घरी 'म्हणून'च बोलायचा!

हल्ली उलटा प्रवाह दिसतो. टीव्हीवर बातमी येते, 'बस उलटली, ज्यात दहा जण जखमी झाले.' हा 'ज्यात' इंग्रजीतला 'इन विच', वाटेत हिंदीचं पाणी पिऊन आलेला. मराठी कान म्हणेल, 'बस उलटून दहा जण जखमी'. एक 'ऊन' प्रत्यय लावला की काम झालं. 'तो मुलगा जो काल आला होता' असं म्हणणारी मुलं आमच्याही घरात आहेत. 'काल आलेला मुलगा' म्हणा म्हटलं तर म्हणतात, दोन्ही एकच की. 'की' मात्र शेवटी, अस्सल कोल्हापुरी जागेवर! तेव्हा सगळंच काही गेलेलं नाही.

मोबाइलवर गंमत आणखीच. लिहिताना माणूस पुन्हा बोलतो तसं लिहायला लागला आहे. घरच्या ग्रुपवर परवाच एक निरोप होता, 'आत्या पोचले म्हणून कळवायला सांगितल्यात'. तीन क्रियापदं, एका पोटात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, स्वल्पविराम एकही नाही. कँडीसाहेबांनी बघितलं असतं तर टोपी काढून डोकं खाजवलं असतं. 'पोचले' म्हणणारी आत्या, 'कळवायला' आपण, 'सांगितल्यात' पुन्हा आत्या. नेसफील्डच्या पद्धतीनं याचं पृथक्करण एका वहीच्या पानात मावणार नाही. घरातल्या सात वर्षांच्या पोरानं मात्र ते वाचलं आणि लगेच आजीला ओरडून सांगितलं, 'आत्या पोचली म्हणं!'

निपाणी-बेळगावकडची आणि जत-उमदीकडची आपली पाहुणे मंडळी हे वाचत असतील तर त्यांना एक विचारायचं आहे. तुमच्याकडं 'म्हणून' म्हणता, 'म्हणूनशान' म्हणता, का आणखी काही? आणि घरात कानडी बोलणाऱ्यांनी 'अंत' कुठं कुठं येतो तेही जरा कळवावं. पुढच्या खेपेला गावाकडं आलो की वही घेऊनच बसतो.